थंड प्रदेशात बाईकचा हंगाम: कधी सुरू करायचा, कुठवर ताणायचा, कधी थांबायचं

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात राहायला गेलेल्या बाईकवाल्याला पहिल्या वर्षी एक प्रश्न सारखा पडतो: वर्षातले किती महिने गाडी चालवता येईल? कुणी सहा सांगतं, कुणी आठ, आणि एखादा म्हणतो, "मी बारा महिने चालवतो." तिघंही खरंच बोलत असतात, कारण प्रत्येकाचा रस्ता, प्रत्येकाची वेळ आणि प्रत्येकाचे हातमोजे वेगळे असतात. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. तिच्यावर हंगामाचा पहिला आणि शेवटचा महिना छापलेला असतो, हंगाम कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ११ महिन्यांचा घेता येतो. बरेच जण मार्च किंवा एप्रिल ते ऑक्टोबर असा घेतात. कागदावर हे सोयीचं आहे, पण पुलावर पहाटे जमलेल्या बर्फाला ती प्लेट वाचता येत नाही.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हंगामाची दोन टोकं सारखी नसतात. पानगळीकडचं टोक कपड्यांनी, विजेच्या गरम हातमोज्यांनी आणि थोड्या शिस्तीने ताणता येतं. वसंताकडचं टोक आपल्याला ओढून जवळ आणता येत नाही, तिथे रस्ता तयार होईपर्यंत थांबावंच लागतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. पानगळीत पहिल्या गारठ्याला गाडी झाकून ठेवतात आणि हिवाळा संपताना पहिलं ऊन पडलं की धावत सुटतात.

आधी एक वही करा

सुरुवात खरेदीने करू नका, नोंदींनी करा. प्रत्येक फेरीनंतर चार गोष्टी लिहा: निघतानाचं तापमान, आभाळ निरभ्र होतं की ढगाळ, रस्ता कोरडा होता की ओला, आणि किती मिनिटांनी बोटं बधिर झाली. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. दोन पानगळींच्या नोंदी जमल्या की तुमचा स्वतःचा आकडा दिसायला लागतो. माझ्या वहीत साध्या चामडी हातमोज्यांवर ८ अंशांना ४० मिनिटं होती आणि ४ अंशांना २०. त्यानंतर मला कुणाला विचारावं लागलं नाही.

हंगाम दिवसांत मोजू नका, तासांत मोजा. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघून रात्री नऊला परतता येतं. पानगळीच्या शेवटी तोच दिवस अकरा ते तीन एवढाच उरतो, कारण त्याआधी सावलीतला रस्ता गोठलेला असतो आणि त्यानंतर ऊन इतकं तिरकं होतं की समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊन त्याला तुम्ही दिसतच नाही. सकाळच्या कामाची फेरी बंद झाली म्हणजे हंगाम संपला असं नव्हे. दुपारचा हंगाम अजून महिनाभर चालू शकतो.

वाऱ्याचा हिशोब

थर्मामीटर सांगतो ती हवेची थंडी. चालत्या गाडीवर अंगाला लागते ती वेगळी. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या वाऱ्याच्या थंडीच्या सूत्राने काढलं, तर १० अंशांच्या हवेत ताशी १०० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला ४ अंशांसारखा वाटतो. ५ अंश असतील तर उणे ३, आणि शून्याला ताशी ८० च्या वाऱ्यात जवळजवळ उणे १०. सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे, त्यामुळे मोज्यातल्या हाताला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण त्यातून एक उपयोगी गोष्ट दिसते. ५ अंशांच्या हवेत ताशी ६० ला सुद्धा उणे २ निघतात. म्हणजे वेग १०० वरून ६० वर आणला तर फक्त अंशा-दीड अंशाचा फरक पडतो. "हळू चालवलं की थंडी कमी लागेल" यावर विसंबून राहू नका. वारा अडवलात तरच थंडी थांबते.

ही गोष्ट मी एका सकाळी हाताने शिकलो. ४ अंश होते, रस्ता कोरडा होता, ऊन पडलेलं होतं. पंचवीस मिनिटांनी एका सिग्नलला थांबलो आणि डावा हात क्लचवर आहे की नुसता हँडलवर, हे मला कळेना. बघितलं तर दोन बोटं लिव्हरवर होती, पण त्यांना दाब जाणवत नव्हता. सिग्नल सुटला, क्लच एकदम सुटला, गाडीने हिसका मारला आणि बंद पडली. मागे ट्रक होता, तो वेळेत थांबला. गाडी कडेला घेऊन मोजे काढले तर बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झालेली. हेल्मेटचा पट्टा सोडायला मला पाच मिनिटं लागली, बक्कल बोटांना सापडतच नव्हतं. मग इंजिनच्या कव्हरजवळ तळवे धरून बसलो. रक्त परत येताना ज्या कळा आल्या त्या अजून आठवतात. थंडी आधी बोटांतली जाणीव नेते, आणि ब्रेक कितपत दाबायचा हे त्या जाणिवेवरच ठरतं. अंग काकडतंय ही तक्रार सहन करता येईल, बोटांची करता येत नाही.

अंगावर काय, आणि कुठल्या क्रमाने

पहिला पैसा वारा अडवण्यावर घाला. लोकरीचे तीन स्वेटर घालून वर वारा आरपार जाणारं जॅकेट घातलं तर गारठणारच. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा थर बरे: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर (सुती नको, सुती कापड भिजलं की गार पडतं), मधे ऊब धरणारा, वर वारा आणि पाणी अडवणारा. बाहेरचं जॅकेट दुकानात आतले थर घालूनच मापून बघा. घट्ट झालं तर आतली हवा दबते आणि ऊब जाते. बुटांचंही तसंच. दोन जाड मोजे कोंबले की रक्त अडतं आणि पाय अधिकच गार पडतात.

मान विसरू नका. हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधली दोन बोटांची फट सगळ्या जॅकेटचं काम वाया घालवते. मानेभोवतीची नळीसारखी पट्टी एवढीशी असते, पण पैशाच्या मानाने तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही.

काचेवर वाफ धरणं हा दुसरा धोका. हेल्मेटच्या काचेला आतून बसणारी पिनलॉकसारखी दुहेरी काच लावा. श्वास नाकावाटे खाली सोडायची सवय करा. पण त्यावर काच उघडी ठेवून चालवणं हा उपाय नाही, डोळ्यांत पाणी येऊन दिसेनासं होतं.

हातांसाठी ग्रिप गरम करणारी वायर आणि हँडलवर बसणारे मोठे कापडी मफ, ही जोडी मला सगळ्यात पटली. गरम ग्रिपने तळवे शेकतात, पण वारा लागतो बोटांच्या पाठीला, आणि ती बाजू मफ सांभाळतो. मफ लावल्यावर गाडी चालू न करता दहा वेळा हात आत-बाहेर करून बघा. ब्रेकचा लिव्हर कुठे अडकत असेल तर तो मफ लावू नका.

विजेवर गरम होणारं जॅकेट घ्यायचं असेल तर आधी गाडीची वीज मोजा. ग्रिप साधारण ३० ते ४० वॉट खातात, जॅकेट ६५ ते ९०, हातमोज्यांची जोडी आणखी २५ च्या आसपास. लहान गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणारा भाग, हेडलाईट, इग्निशन आणि इंधनपंप भागवून एवढं देईलच असं नाही. गावातून रखडत जाताना आणि सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना तर तो फारच कमी वीज देतो. म्हणून एक छोटा व्होल्टमीटर लावा. गाडी चालू असताना काटा १३ व्होल्टच्या खाली रेंगाळायला लागला तर काहीतरी बंद करा. आणि आधी छाती-पाठ गरम ठेवा. शरीराला मधला भाग थंड होतोय असं वाटलं की ते हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, त्यामुळे गरम जॅकेट घातलं की बोटंही जास्त वेळ टिकतात.

अंगात हुडहुडी भरली तर थांबा, आत जा, काहीतरी गरम प्या. हुडहुडी भरलेली असताना "आता दहाच किलोमीटर उरलेत" हा विचार येतो, तो तुमच्या थंडावलेल्या डोक्याचा असतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की निर्णय मंदावतात. आणि गारठलेलं असतानाच हुडहुडी आपोआप थांबली तर ते बरं लक्षण नाही, तिथे वैद्यकीय मदत लागते.

रस्ता कधी "नाही" म्हणतो

अंग तयार झालं तरी रस्त्याचा होकार वेगळा घ्यावा लागतो. हवेचं तापमान २-३ अंश असताना रस्ता गोठलेला असू शकतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा गार होतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालूनही हवा लागते, खाली जमिनीची ऊब नसते. झाडांच्या किंवा डोंगराच्या सावलीतलं वळण दुपारीही ओलसर-गोठलेलं राहतं. निघण्याआधी मी अंगणातल्या उभ्या गाडीची काच बघतो. तिच्यावर दहिवर गोठलेलं असेल तर ऊन चांगलं वर येईपर्यंत बाईक काढत नाही. हवामानाचा अंदाज पाहताना आजचं तापमान कमी महत्त्वाचं, रात्री ते किती उतरलं आणि संध्याकाळी किती वाजता परत उतरणार, ते बघा.

टायरही बदलतो. रबर गार झालं की कडक होतं, आणि उन्हाळी वेगासाठी बनवलेल्या टायरची पकड ७ अंशांखाली जाणवण्याइतकी कमी होते. टूरिंगचे, पावसात चांगले मानले जाणारे टायर थंडीत जास्त भरवशाचे असतात. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला हवेचा दाब दीड ते दोन पीएसआय उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा पानगळीत कमी पडते. ती थंड टायरवरच मोजा. टायर गरम व्हायला पहिले पंधरा-वीस मिनिटं द्या आणि त्या वेळात गाडी फार झुकवू नका. प्रत्येक थांब्यानंतर टायर पुन्हा गार झालेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

ओल्या पानांचा थर बर्फाइतकाच निसरडा असू शकतो. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, पानगळ हा त्यांचा माजाचा काळ असल्याने जास्तच.

आणि मग मीठ, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते. रस्त्यावर पहिल्यांदा मीठ पडलं की माझा हंगाम संपतो, त्या दिवशी हवा कितीही छान असो. हा माझा नियम आहे, कायदा नव्हे. रोज कामाला बाईकनेच जाणाऱ्यांना तो परवडणार नाही. पण मीठ काय करतं ते नीट समजून घ्या. साधं मीठ उणे ९-१० अंशांपर्यंतच नीट काम करतं, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराईडही मारतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे रस्ता आणि गाडी दोन्ही ओलसर राहतात. ते पाणी चेनच्या कड्यांत, स्पोकच्या टोकांना, ब्रेकच्या पिस्टनभोवती आणि वायरिंगच्या जोडांत शिरतं. मिठावरून चालवावंच लागलं तर घरी पोचल्या पोचल्या साध्या गार पाण्याने, कमी दाबाने गाडी खालून धुवा, चेन पुसून तेल द्या. "उद्या सकाळी धुतो" म्हणालात तर रात्रभरात मिठाने आपलं काम केलेलं असतं.

गाडी झोपवण्याचा दिवस

हे काम गाडी कायमची उभी करण्याआधी, अजून एक फेरी शक्य असताना करायचं. क्रम महत्त्वाचा आहे.

टाकी काठोकाठ भरा आणि पेट्रोल टिकवणारं द्रव्य त्यात घाला. टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा उरत नाही, गंज धरत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, म्हणून हे द्रव्य तिथे आणखी गरजेचं. मग पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत किंवा कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर परतल्यावर त्याची पेट्रोल साठणारी वाटी रिकामी करा. वसंतात बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा त्या वाटीतल्या चिकट थरात असतं.

इंजिन गरम आहे तोवरच ऑईल बदला. "वसंतात बदलीन" असं अनेक जण म्हणतात, पण वापरलेल्या ऑईलमधे ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो. तो चार महिने बेअरिंगवर बसून राहू देऊ नका.

पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर कूलंट तपासा. निम्मं अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव्य) आणि निम्मं पाणी उणे ३५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. कधी घाईत साधं पाणी टाकून भागवलं असेल तर आठवून बघा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकवू शकतं.

मग गाडी धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. चेनला तेल, उघड्या धातूला गंजरोधक फवारा. ब्रेकच्या डिस्क आणि टायर मात्र कापडाने झाकूनच फवारा. टायरमधे हवा कंपनीने सांगितलेल्या पूर्ण मापाला भरा. पुढचं आणि मागचं चाक उचलणारे दोन्ही स्टँड असतील तर चाकं उचलून ठेवा. नसतील तर खाली फळी टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी चाक थोडं फिरवा.

सायलेन्सरचं तोंड आणि हवेच्या फिल्टरची वाट बंद करा, उंदरांना तिथली ऊब आवडते. तिथे जे कोंबाल ते हँडलला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. वसंतात उत्साहाच्या भरात ते नक्की विसरायला होतं. वर टाकायचं आच्छादन हवा खेळणारं हवं. प्लास्टिकच्या कागदाखाली दमटपणा कोंडतो आणि गंज आतूनच सुरू होतो.

बॅटरीचं वेगळं. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर ती उणे ५० लाही गोठत नाही. पण रिकामी झालेली असेल तर तिच्यातलं पाणी उणे १० च्या आसपासच गोठतं आणि पेटी फुटते. म्हणून थंडीला घाबरून ती घरात आणण्यापेक्षा ती भरलेली ठेवणं महत्त्वाचं. आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवा, किंवा महिन्यातून एकदा मोजून १२.४ व्होल्टखाली गेली तर चार्ज करा. लिथियमची बॅटरी असेल तर शून्याखालच्या थंडीत तिला चार्जर लावू नका, ती आधी घरात आणून उबेला येऊ द्या. आणि तिच्यासाठीचाच चार्जर वापरा.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. हिवाळ्यात आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं म्हणजे गाडीची काळजी, असा समज फार पसरलेला आहे. त्यामागे प्रेम असतं हे मला मान्य आहे, पण त्याने नुकसान होतं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत ते तापत नाही, म्हणून पाणी ऑईलमधे आणि सायलेन्सरमधे साचतं. स्टार्टरने घेतलेली बॅटरीही तेवढ्यात भरून येत नाही. एकतर गाडी अर्धा-पाऊण तास खरोखर चालवा, नाहीतर शांत झोपू द्या.

वसंताची घाई

पहिलं उबदार ऊन पडतं, १४ अंश होतात आणि हात शिवशिवतात. या दिवशी थांबणं सगळ्यात कठीण असतं. हवा तयार असते, पण रस्ता नसतो. हिवाळाभर टाकलेली वाळू आणि खडी वळणांवर, नेमकी गाडी झुकवायच्या जागी, साचलेली असते. जमिनीत मुरलेलं पाणी गोठून-वितळून रस्ता उचललेला आणि फुटलेला असतो, आणि कालपर्यंत नसलेला खड्डा आज असतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी वळणावर पुन्हा गोठतं. मीठ वाळून पांढऱ्या धुळीसारखं उडतं. आणि चार महिने बाईक न पाहिलेले गाडीवाले आरशात बाईक शोधतच नाहीत.

मी दोन गोष्टींची वाट बघतो: रस्ता साफ करणारी गाडी एकदा फिरून जाणं, आणि त्यानंतर एक-दोन जोरदार पाऊस. पाऊस मीठही धुतो आणि बारीक वाळूही. कारने जाताना नेहमीची वळणं आधी बघून ठेवतो, कुठली स्वच्छ झाली, कुठली नाही. यात दोन-तीन आठवडे जातात आणि ते जाऊ द्यावेत.

तोवर गाडी जागी करा. चिठ्ठी वाचून कोंबलेलं काढा. हवा, ब्रेक ऑईल, कूलंट, चेनचा ताण, सगळे दिवे बघा. ब्रेकचा लिव्हर दाबून तो मऊ तर पडला नाही ना ते तपासा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी खूप जुना टायर थंडीत आणखी कडक झालेला असतो. डिस्कवर गंजाची तांबूस साय धरलेली असते, पहिले काही ब्रेक हलक्या हाताने दाबून ती घासून काढा.

गाडीइतकेच आपणही गंजलेले असतो. पहिल्या दिवशी कुठे लांब जाऊ नका. एखाद्या रिकाम्या, झाडलेल्या पटांगणात अर्धा तास काढा: ताशी ४० वरून दहा-बारा वेळा थांबणं, दर वेळी पुढचा ब्रेक थोडा अधिक, पण एकदम नव्हे. मग आठच्या आकाराची वळणं, नजर चाकावर न ठेवता जिथे जायचंय तिथे. मागे कुणाला बसवायचं असेल तर आठवडाभर थांबा. दोनशे किलोमीटर झाले की चेनचा ताण आणि हवा पुन्हा एकदा तपासा, आणि वहीत नव्या पानावर तारीख, तापमान आणि बोटं किती मिनिटं टिकली ते लिहून ठेवा.